पॅशन सापडत नाही म्हणून टेन्शन घेऊ नकोस

अरे, पॅशन शोधायला त्या ऑनलाइन टेस्ट वगैरे देऊ नकोस, नुसता टाइमपास आहे. नाटक आवडतं म्हणतोस ना, मग पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक बघून शिट्ट्या मारणं वेगळं (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, १९६३ पासून चालूय, आरडाओरडा अजून तसाच) आणि एखाद्या हौशी ग्रुपमध्ये तालीम संपल्यावर लेव्हल्स (स्टेजवरचे लाकडी चौथरे) उचलून ठेवणं, प्रॉम्प्टिंगला (नटांना विसरलेली वाक्यं सांगायला) बसून तीच संहिता परत परत वाचणं वेगळं. असलं कंटाळवाणं काम कुणी न सांगता करावंसं वाटतंय का बघ. रोल नाही मिळाला तरी जातोस का तालमीला? जात असशील तर बरंय. आणि नोकरी लगेच सोडू नकोस बाबा, हिंजवडीचं ट्रॅफिक झेलून आल्यावरही सदाशिव पेठेत तालमीला जायचा उत्साह उरतो का ते आधी कळू दे.