श्रावणात घरची शाळा

अनेक आशीर्वाद.

लेकीला यंदा शाळेत न घालता घरीच शिकवायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत आणि श्रावणापासून सुरुवात करताय, हे वाचून आनंद झाला. पत्रासोबतचं महिन्याचं वेळापत्रकही पाहिलं. त्यात सोळा विषय आहेत. त्यातले बारा खोडून टाक. सहा वर्षांच्या मुलीसाठी वाचन आणि अंक या दोन गोष्टी रोज, ठरल्या वेळी, पंधरा-पंधरा मिनिटं व्हायला हव्यात. त्यांत खाडा नको आणि रोज नवी शक्कलही नको. बाकीची विविधता श्रावण स्वतःच पुरवतो. तू फक्त दर आठवड्याला हाताने करायची एकच गोष्ट निवड. पहिल्या आठवड्यात रोज चार उपक्रम केले की दुसऱ्या आठवड्यात आई दमते आणि तिसऱ्यात वाचनसुद्धा सुटतं. बहुतेक घरांत शाळा बंद पडते ती अशीच.

आधी वाचनाचं बघू. अ-आ-इ-ई पासून ज्ञपर्यंत ओळीने मुळाक्षरं घोकवू नकोस. त्या क्रमाने गेलं तर पहिला शब्द वाचता यायलाच महिने लागतात. पहिल्या आठवड्यात क, म, न, र, ल, स, प, त ही आठ अक्षरं आणि काना एवढंच घे. एवढ्यावर कान, नाक, पान, ताक, साप, रात, मका, लाल असे कितीतरी शब्द होतात आणि ‘रानात साप’, ‘मामाला ताक’ अशी वाक्यंसुद्धा. पाचव्या दिवशी मूल स्वतः वाक्य वाचतं, याचं मोल फार मोठं आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर 5 सेमीची चौकोनी कार्डं काप आणि जाड स्केचपेनने एका कार्डावर एक अक्षर लिही. कान्याचं कार्ड अरुंद ठेव, म्हणजे ते अक्षराला चिकटवून मांडता येतं.

अक्षर दाखवताना नुसतं ‘क’ म्हण, ‘क कमळाचा’ नको. तशी सवय लागली की मूल ‘कम’ वाचताना ‘कमळ-मगर’ म्हणतं आणि जोडणं जमतच नाही. दुसरी अडचण शेवटच्या अक्षराची. ‘का-न’ हळू म्हटलं की ‘कानऽ’ होतं आणि मुलीला त्यात ओळखीचा शब्द सापडत नाही. तेव्हा तिला तेच दोनतीनदा भरभर म्हणायला सांग. ‘कान’ कानावर पडला की चेहरा लगेच उजळतो.

दुसऱ्या आठवड्यात ब, द, घ, आ, ई आणि दुसरी वेलांटी, एक मात्रा घे. म्हणजे आई, बाबा, घरी, दार वाचता येईल. पहिली वेलांटी मुद्दाम तिसऱ्या आठवड्यात ठेवली आहे. ती अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, त्यामुळे मुलं हमखास अडखळतात. ‘दिवा’, ‘किती’ असे शब्द लिहिताना तिला आधी अक्षर काढू दे, मग त्याच्या डावीकडे दांडी काढून वर वेलांटी वळवू दे. घ-ध, म-भ, प-ष या जोड्या जवळजवळ शिकवू नकोस; एक अक्षर पक्कं होऊन दोन आठवडे गेले की मगच दुसरं. ख लवकर आणला तर मूल तो ‘रव’ वाचतं. जोडाक्षरं आणि रफार या महिन्यात अजिबात नको. लिहिणं आधी ताटात पसरलेल्या रव्यात बोटाने, मग पाटीवर, आणि शेवटी दुरेघी वहीत रोज फक्त दोन ओळी. शिरोरेघ पूर्ण शब्द लिहून झाल्यावर एकदम मारायची.

आता अंक. मराठीत ‘बेचाळीस’ म्हणताना दोन आधी ऐकू येतात, म्हणून मुलं 24 लिहितात. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून 39 लिहितात. ही मुलीची चूक समजून रागावू नकोस. आपल्या संख्यानामांची घडणच तशी आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशीही मांडणी आली, तेव्हा केवढा वाद झाला होता. घरी वादात पडायचं कारण नाही, दोन्ही वापरायचं. खराट्याच्या हिराचे 10 सेमीचे शंभर तुकडे कर, टोकं घासून बोथट कर आणि दहा-दहाचे गठ्ठे तिला स्वतःला रबरबँडने बांधू दे. बांधलेले गठ्ठे आयते दिले तर दहा सुट्या म्हणजे एक गठ्ठा हे तिच्या हाताला कळत नाही. चार गठ्ठे, दोन सुट्या: ‘चाळीस आणि दोन, बेचाळीस’ असं तोंडाने म्हणायचं, मग लिहायचं, गठ्ठे डावीकडे आणि सुट्या उजवीकडे. या महिन्यात 50 च्या पुढे जाऊ नकोस.

आता महिनाभर चालणारा प्रयोग सांगते. मला विचारशील तर बाकी सगळं सोडलंस तरी हा सोडू नकोस: पाऊस मोजणं. कोल्ड्रिंकची 2 लिटरची, सरळ भिंतीची पारदर्शक बाटली घे. खांद्याखाली जिथे ती सरळ होते तिथे कापायचं. हे काम तूच कर. वरचा भाग झाकण काढून उलटा, नरसाळ्यासारखा आत बसव आणि कडेने चिकटपट्टी लाव. बाटलीचा तळ खाचांचा असतो, म्हणून धुतलेले खडे घाल आणि भिंत सरळ होते तिथवर पाणी भर. तिथे शून्य. प्लास्टिकची पट्टी बाहेरून चिकटवताना पट्टीचं टोक नाही, तिच्यावरची शून्याची रेघ पाण्याच्या पातळीला आली पाहिजे. घोळ होतो तो इथेच. बाटली कुंडीतल्या मातीत अर्धी रोव, नाहीतर वाऱ्याने आडवी होईल. झाडाखाली, पागोळीखाली किंवा गॅलरीत ठेवून उपयोग नाही. गच्चीवर ठेव, आणि जवळची भिंत जेवढी उंच असेल त्याच्या निदान दुप्पट लांब.

रोज सकाळी 8:30 ला दोघींनी जाऊन आकडा बघायचा. हवामान खातं 24 तासांचा पाऊस याच वेळेपर्यंतचा मोजतं, त्यामुळे पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतं. बाटली मातीतून उपसून सपाट जागी ठेवायची आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणून बघायचं. कडेला पाणी थोडं वर चढलेलं दिसतं. मधली खालची पातळी धरायची. मग जास्तीचं पाणी ओतून पुन्हा शून्यावर आणायचं, आणि आठवड्यातून दोनदा तळाचं पाणीही बदलायचं, नाहीतर डासांच्या अळ्या होतील. चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे 5 मिमी धरून रोज एक खांब रंगवायचा. 42 मिमी पाऊस झाला तर चार गठ्ठे, दोन सुट्या. पाऊस नसला तरी वहीत 0 लिहायचाच. रिकामी जागा म्हणजे मोजलं नाही आणि शून्य म्हणजे मोजलं पण पडला नाही, हा फरक श्रावणातल्या ऊन-पावसात आपोआप कळतो. पेपरातला आकडा वेगळा निघाला तर मापक चुकलं असं लगेच म्हणू नकोस. एकाच गावात दोन ठिकाणी पाऊस सारखा पडत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर असाल तर संध्याकाळीही रिकामं करून दोन आकड्यांची बेरीज कर.

आठवड्याच्या हातकामाचं थोडक्यात. नागपंचमीच्या आठवड्यात पानं: बेल, आघाडा, दुर्वा, तेरडा. पान पालथं ठेवून वर पातळ कागद धर आणि खडू आडवा फिरव, शिरा उमटतात. दाबून ठेवलेल्या पानांखालचा वर्तमानपत्राचा कागद रोज बदल, पावसाळ्यात एका रात्रीत बुरशी धरते. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत, ते ओळखायला शिकव पण तोडायला देऊ नकोस. नारळी पौर्णिमेला नारळाच्या करवंटीने पाणी मोजायचं: एका तांब्यात किती करवंट्या, आधी अंदाज, मग मोजणी. गोकुळाष्टमीला तिनेच पोह्याचा गोपाळकाला कालवायचा, वाट्यांच्या मापाने. पोळ्याला मातीचे बैल. पाय नंतर चिकटवले की वाळताना गळून पडतात, म्हणून दोन्ही बाजू ओल्या असतानाच खरवडून पातळ मातीचा लेप लावून जोडायचे आणि सावलीत तीन-चार दिवस वाळू द्यायचे. सणांमधले दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजायला लाव, पण तारखांवर. तिथीचा कधी क्षय होतो, कधी वृद्धी, आणि त्या हिशेबात ती गोंधळेल.

महागडे संच मागवू नकोस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बिया, शिंपले, पानं यांवरच बालशिक्षण उभं केलं. पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत. पहिलीची उतरवून ठेव, पण ती पडताळणीपुरती. मात्र आठवड्यातून तीन संध्याकाळी तिला इतर मुलांत खेळायला मिळालंच पाहिजे. ती उणीव तू कितीही चांगलं शिकवलंस तरी भरून निघत नाही.

पुढे शाळेत घालावंसं वाटलं तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. घरीच चालू ठेवलंत तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे अ, ब, क स्तर आहेत, अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे. दोन्हीसाठी जन्मदाखला हाताशी असू दे आणि दर आठवड्याचं एक तारखेचं पान फाइलला लाव: तिने स्वतः वाचलेले शब्द, पावसाचे आकडे, एखादं चित्र.

दर शुक्रवारी तिने कधी न पाहिलेले दहा शब्द, शिकलेल्याच अक्षरांचे, कार्डांवर मांड. सात वाचले तर सोमवारी नवी अक्षरं. कमी वाचले तर पुढचा आठवडा जुन्याच अक्षरांवर काढ, वेळापत्रक मागे पडलं तरी चालेल. पोळ्यानंतर ती चार पानं आणि पावसाचा तक्ता मला पाठव, म्हणजे भाद्रपदात कोणती अक्षरं घ्यायची ते ठरवू.

तुझी,
मावशी