आधी दुपारची झोप, मग फोटो

प्रश्न: डिसेंबरमध्ये सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ४० वर्षं पूर्ण होतायत. त्या निमित्ताने आम्ही सहा जण वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर फॅमिली फोटो काढून घेणार आहोत. फोटोग्राफरने सकाळी ११ ची वेळ दिली आहे आणि सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचं ठरलंय. मुलगा साडेचार वर्षांचा, कॅमेरा दिसला की डोळे घट्ट मिटून बत्तिशी दाखवतो. मुलगी दीड वर्षाची, परकं माणूस दिसलं की माझ्या खांद्यात तोंड खुपसते. मुलांची तयारी कशी करून घेऊ?
– एक वाचक, सातारा

उत्तर: मुलांचं नंतर बघू, आधी ती अकराची वेळ बदलून घ्या. अकराला ऊन वर चढलेलं असतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. पाण्यावरून तिरीप येते ती वेगळीच. मुलंच काय, तुमचे सासरेही डोळे बारीक करून बसतील. शिवाय ती मुलीची जेवायची वेळ, आणि पाठोपाठ झोपेची.

हे शहाणपण मला आयतं मिळालेलं नाही. या धंद्यात नवी होते तेव्हा एका वर्षाच्या बाळाचे फोटो मी भर साडेबाराला ठेवले. बाळाला पीतांबर, जरीची टोपी, गळ्यात माळा. पाच मिनिटं ते रडलं आणि मग आजीच्या मांडीवर जे झोपलं ते झोपलंच. दीड तास आम्ही सगळे टोपी सांभाळत बसलो. त्यातला एकच फोटो त्या घरात भिंतीवर लागला: बाळ गाढ झोपलंय आणि टोपी आजीच्या डोक्यावर.

तर मुलीला घरीच जेवू घाला, झोप होऊ द्या आणि चारच्या सुमाराला घाटावर पोचा. मेणवलीत एक मेख आहे. पश्चिमेला पाचगणीकडचे डोंगर आहेत, त्यामुळे सूर्यास्त सहाचा असला तरी ऊन त्याआधीच डोंगराआड जातं. हातात तास-सव्वा तास उरतो. लहान मुलांसोबत तेवढा पुरे, त्याहून जास्त ती टिकतही नाहीत. सहा जणांचा एकत्र फोटो आधी उरकून घ्या. आजी-आजोबांचे निवांत फोटो मुलं दमल्यावरही निघतात.

आता मुलगा. त्याची बत्तिशी ही आपलीच शिकवण. मोबाइल वर केला की घरातले चार जण एकदम ‘हास ना रे’ म्हणून ओरडतात, मग तो बिचारा दात दाखवून मोकळा होतो. आजपासून घरात हे वाक्य बंद. त्याऐवजी त्याला काम द्या. ‘आजोबा घोरतात तसा आवाज आजीच्या कानात काढून दाखव’ म्हटलं की त्याचं तोंड कसं होतं बघा, आणि आजीचंही. आठवडाभर मधूनमधून मोबाइल त्याच्या हातात देऊन त्यालाच तुमचे फोटो काढू द्या. मुंडकी उडवेल, उडवू दे.

आणि त्याला ‘फोटो काढायला जायचंय’ असं सांगूच नका. घाटावर मेणेश्वराच्या देवळापाशी एक भली मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिथून आलेली. ‘लढाईतली घंटा बघायला जायचंय’ म्हणा. रोज रात्री थोडीथोडी गोष्ट सांगा. तिथे पोचल्यावर तो मान वर करून घंटेकडे बघेल, तेव्हा फोटोग्राफर तयार असला म्हणजे झालं.

मुलीच्या बाबतीत तयारी तिची नाही, फोटोग्राफरची करायची. माझ्या वडिलांचा कराडला स्टुडिओ होता. पडद्यावर रंगवलेलं तळं, एक लाकडी घोडा आणि दाबला की चिरकणारा रबरी पोपट. मूल पोपटाकडे बघायचं आणि बाबा भलतीकडेच बघत बटण दाबायचे. मुलाकडे रोखून बघितलं की ते बावरतं, म्हणायचे. तुमच्या फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा की पहिली दहा मिनिटं तिच्याकडे बघायचं नाही, कडेवर घ्यायला हात पुढे करायचे नाहीत, कॅमेरा गळ्यात नुसता लटकू द्यायचा. तोवर तिने तुमच्या खांद्यात तोंड खुपसलं तर तोही फोटोच आहे.

पांढऱ्याचा हट्ट सोडा. उन्हात पांढरं नुसतं फटफटीत येतं, आणि घाटाच्या पायरीवर एकदा बसली की मुलं मागून तपकिरी. मोहरीचा पिवळा, आमसुली, फिका निळा असे दोन-तीन रंग सगळ्यांत वाटून घ्या. पोपटी मात्र नको. त्याची झाक हनुवटीखाली चढते आणि एडिटिंगमध्ये ती काढताना माझा जीव जातो. नवे कपडे एकदा धुवा, घरी तासभर घालून बघा. टिकल्यांचा फ्रॉक काखेत टोचतो, ते तुम्हाला घाटावर कळायला नको. सासूबाई तीट लावणारच. लावू द्या, अगदी गालावर ठसठशीत असली तरी.

खाऊ कोरडा घ्या, बिस्किटं वगैरे. चॉकलेट नको. मुलगी आहे म्हणून शेंगदाणे-फुटाणेही नकोत, घशात अडकतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. घाटाच्या पायऱ्या सरळ कृष्णेत उतरतात आणि पाण्यालगत शेवाळ असतं. सहा जणांखेरीज सातवं माणूस न्या, आत्या म्हणा, मामा म्हणा. त्याने पाण्याच्या बाजूला उभं राहायचं, मुलांवरची नजर काढायची नाही, बाकी काही करायचं नाही. ‘जरा बॅग धर’सुद्धा त्याला म्हणू नका.

फोटोग्राफर संध्याकाळला तयारच नसेल तर सकाळी साडेसात-आठची वेळ मागा. ऊन कोवळं असतं, घाटावर गर्दीही नसते. पण डिसेंबरात वाईकडे गारठा असतो, दोघांची नाकं वाहणार. रुमाल तुमच्या हातात नको, त्या सातव्याच्या खिशात ठेवा. नाहीतर सगळ्या फोटोंत तो तुमच्या मुठीत दिसेल.