तळघरातली ओल आणि बिल्डरची ‘तीन वर्षं’

प्रश्न : नाशिकला रो-हाऊस घेतलं, 2022 च्या दसऱ्याला ताबा मिळाला. तळघराच्या मागच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, खाली पांढरा खार साठतो. सुपरवायझर दोनदा पुट्टी-रंग मारून गेला. आता बिल्डर म्हणतो, करारातली तीन वर्षांची हमी संपली. शिवाय ही ओल नाही, हवेचा घाम आहे. काय करावं?

उत्तर : करारात तीन लिहा नाहीतर एक, प्रकल्प रेरा या घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याखाली नोंदलेला असेल तर त्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत कळवलेला बांधकामाचा दोष बिल्डरने 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. ही पाच वर्षं ताबापावतीवरच्या तारखेपासून मोजतात, वास्तुशांतीपासून नाही. ती तारीख आधी काढून बघा.

तुमचं दुखणं वेगळंच आहे. सगळं फोनवर बोललात. सुपरवायझर ‘बघतो साहेब’ म्हणाला, पुट्टी मारली, की आपल्याला वाटतं काम झालं. उद्या तोच म्हणेल, मी रंग द्यायला गेलो होतो. म्हणून आजच बिल्डरच्या करारातल्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, ईमेलही करा. पत्रात त्या दोन पुट्ट्यांच्या तारखा लिहा.

‘घामा’चं उत्तर घरीच मिळेल. खार आणि पोपडे पुसून कोरड्या केलेल्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करा, दोन दिवसांनी काढा. पाणी भिंतीच्या बाजूला असेल तर ओल भिंतीतून येतेय. खोलीच्या बाजूला असेल तर बिल्डरचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. फोटो ठेवा. मात्र तक्रारीच्या सुनावणीत वजन पडतं ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी अहवालाला. तोवर स्वतःचा वॉटरप्रूफिंगवाला बोलावू नका. एकदा भिंत फोडली की ‘यांनीच बदल केले’ हा बचाव आयता मिळतो.

30 दिवसांत काही हललं नाही तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करा, फी 5,000 रुपये. दुरुस्तीचा आदेश प्राधिकरण देतं. नुकसानभरपाई हवी असेल तर कलम 71 खाली न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज लागतो. दोन्ही एकाच अर्जात कोंबून लोक महिनोन्‌महिने घालवतात.

आणखी एक. तळघरात मुलाची झोपायची खोली केली असेल तर मंजूर नकाशात तिथे काय लिहिलंय ते पाहून घ्या. ‘सामान ठेवण्यासाठी’ असेल तर गादी-कपाट भिजल्याची भरपाई मागताना समोरचा वकील नकाशा पुढे करेल. भिंतीचा दोष त्याने पुसला जात नाही, पण मागणी भिंतीपुरतीच ठेवा.