इंधन गळतंय अशी शंका आली तर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ओझरहून दिल्लीला निघालो तेव्हा विमान चढत असताना पंखाच्या टोकापासून पांढरी रेघ निघताना दिसली. इंधन गळत होतं का? आणि असं दिसलं तर सांगावं की गप्प बसावं? (गंगापूर रोड)

उत्तर : सांगावं, लगेच सांगावं. तुम्ही पाहिलं ते बहुधा बाष्प होतं. पावसाळी हवेत पंखाच्या टोकाशी हवेचा भोवरा होतो, त्यात दाब आणि तापमान उतरतं, मग बाष्पाची रेघ उमटते आणि क्षणात विरते. इंधनाची रेघ अशी येत-जात नाही. ती एकाच जागेतून निघते, बहुतेकदा इंजिनाजवळून किंवा पंखाच्या मागच्या कडेवरून, आणि विमान वळलं तरी तुटत नाही. उतरल्यावर पंखाखालून ठिबकणारे थेंबही बऱ्याचदा पाण्याचे असतात. टाकीतलं इंधन उंचावर गारठलेलं असतं आणि दमट हवेतलं पाणी त्या पत्र्यावर जमतं.

पण हा निवाडा प्रवाशाने करायचा नाही. केबिन क्रूला बोलावून तीन गोष्टी सांगा : कुठली बाजू, नेमकी कुठून, किती वेळ. कॉकपिटमधून इंजिनं दिसत नाहीत. गळतीची शंका आली की वैमानिकच केबिनमधून कोणाला तरी पंखाकडे बघायला सांगतात, त्यामुळे तुमचं सांगणं कामाचंच असतं.

प्रश्न : इंजिन सुरू करताना केबिनमध्ये रॉकेलचा वास येतो. ही गळती असते का? (सिडको)

उत्तर : विमानाचं इंधन रॉकेलच्याच जातीचं आहे. मागून वारा असला की इंजिनाचा धूर वातानुकूलन यंत्रणेत ओढला जातो. मिनिटा-दोन मिनिटांत वास गेला तर काळजी नको. उड्डाणानंतरही येत राहिला तर क्रूला कळवा.

प्रश्न : टाकी फुटली तर धोक्याचा दिवा लागतो ना? मग वैमानिकाला वेगळं काय करावं लागतं? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, आडगाव)

उत्तर : काही नव्या विमानांत संगणक इशारा देतो. तरीही गळती ओळखायचा मूळ मार्ग बेरजेचाच आहे. निघताना १२,००० किलो इंधन होतं. इंजिनांनी आतापर्यंत ५,००० किलो जाळलं, म्हणजे टाक्यांत ७,००० हवं. मापात थोडा फरक चालतो. पण काटा ६,२०० दाखवतो आणि पुढच्या टप्प्यावर तूट आणखी वाढते, तर इंधन इंजिनात न जाता बाहेर चाललंय. बेरीज जुळते, पण एकच इंजिन नेहमीपेक्षा फार जास्त इंधन पितंय असं दिसत असेल, तर गळती त्या इंजिनाच्या मापकापुढे असू शकते.

हा हिशेब व्हायच्या आत एक बटण दाबण्याचा मोह होतो, तो म्हणजे क्रॉसफीडचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या इंधनाची वाट जोडणाऱ्या झडपेचा. गच्चीवर दोन टाक्या नळीने जोडलेल्या आहेत आणि एकीचा पाइप फुटलाय असं समजा. पातळी सारखी करायला मधला कॉक उघडलात, तर चांगल्या टाकीचं पाणीही त्याच फुटक्या पाइपातून जाईल.

२४ ऑगस्ट २००१ रोजी हेच घडलं. एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए-३३० टोरांटोहून लिस्बनला निघालं होतं, विमानात ३०६ माणसं होती. काही दिवसांपूर्वी उजवं इंजिन बदलताना एकमेकांशी न जुळणारे भाग बसले. हायड्रॉलिक नळी आणि इंधननळी यांच्यात पुरेशी जागा उरली नाही, इंधननळी घासत गेली आणि अटलांटिकवर तिला तडा गेला. आधी त्या इंजिनाच्या तेलाचे आकडे विचित्र दिसले. मग दोन्ही बाजूंचं इंधन असमान असल्याचा संदेश आला. वैमानिकांनी चेकलिस्ट न उघडता आठवणीवर क्रॉसफीड उघडला आणि डावीकडचं इंधनही तड्यातून वाहू लागलं. त्या चेकलिस्टमध्ये गळतीबाबतची सूचना लिहिलेली होती. विमान सुरळीत उडत असताना आकडे इतके अविश्वसनीय होते, की दोष संगणकाचा असावा असं त्यांना वाटलं. आधी उजवं इंजिन बंद पडलं, तेरा मिनिटांनी डावं. त्यानंतर रॉबर्ट पिशे आणि डर्क डी यागर यांनी १९ मिनिटं विमान तरंगत नेऊन अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर उतरवलं. सगळे वाचले.

त्यांच्या उतरवण्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. मी देखभालीच्या कामात वाढलो, म्हणून मला मात्र ती नळी जास्त छळते. भाग बदलताना क्रमांक जुळला नाही तर काम थांबवायची हिंमत हँगरमध्ये असायलाच हवी. सातपूर-ओझर पट्ट्यात हे काम शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे कळकळीने सांगतो.

वैमानिकाने आज काय करायचं? क्रॉसफीड बंद ठेवायचा. कुठल्या टाकीची पातळी वेगाने उतरते ते पाहायचं. गळती इंजिनाकडची ठरली तर ते इंजिन बंद करायचं, आणि जवळच्या योग्य विमानतळाकडे वळायचं. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर सुखरूप उतरू शकतं, टाक्या कोरड्या झाल्यावर ती सोय उरत नाही.

प्रश्न : विमान टेकलं की धोका संपला ना? (देवळाली कॅम्प)

उत्तर : नाही. गळणारं इंधन तापलेल्या भागांवर पडू शकतं, म्हणून गळती चालू असताना उतरल्यावर उलटा जोर म्हणजे थ्रस्ट रिव्हर्सर टाळायला सांगतात आणि अग्निशमन दल आधीच धावपट्टीजवळ बोलावतात. २७ जून २०१६ रोजी सिंगापूर एअरलाइन्सचं मिलानला निघालेलं बोइंग ७७७ सिंगापूरला परतलं, तेव्हा उतरल्यावर उजव्या इंजिनाला आणि पंखाला आग लागली. काही मिनिटांत ती विझली, कोणी जखमी झालं नाही. अशा वेळी दार कुठलं उघडायचं ते क्रू ठरवतो. बॅग काढायला उभं राहू नका.

प्रश्न : विमानं वरून इंधन सोडतात, त्याने आमच्या द्राक्षबागेचं नुकसान होतं का? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : ए-३२०, बोइंग ७३७, एटीआर या लहान-मध्यम प्रवासी विमानांत हवेत इंधन सोडायची सोयच नाही. ती मोठ्या विमानांत असते, आणि उंचावर सोडलेलं इंधन जमिनीवर येईपर्यंत बरंचसं उडून जातं. कमी उंचीवर सोडलं तर त्रास होतो : जानेवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिसजवळ शाळेच्या मैदानावरच्या मुलांवर ते पडलं होतं. तुमच्या पानांवरचे तेलकट डाग फवारणीचे किंवा रोगाचे असण्याची शक्यता जास्त. चार पानं तोडून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.