सहा मिनिटांचं पेट्रोल

प्रश्न : ताई, मी रोज म्हापशाहून पणजीला कारने नोकरीला जातो. वाटेत महामार्गावर पर्वरीत गाड्या तुंबल्या की ॲप मला सुकूरच्या आतल्या रस्त्याने काढतं. तीन किलोमीटर जास्त पडतात, पण सहा मिनिटं वाचतात. म्हणजे पेट्रोल आणि धूरही वाचतो ना?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही हो. जागेवर उभी असलेली पेट्रोल कार तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते. सहा मिनिटांचे झाले ५० ते १०० मिलिलिटर. तुमची गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर जादाच्या तीन किलोमीटरना २०० मिलिलिटर लागतात. त्यात आतली वळणं, गतिरोधक, सतत दुसरा-तिसरा गिअर. आणि पेट्रोल जास्त म्हणजे धूरही जास्त: एका लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अर्धा तास एकाच जागी खोळंबायचं असेल तर हिशोब उलटा होतो, तेव्हा खुशाल वळा.

मी त्याच आतल्या रस्त्याला राहते. पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून सकाळी साडेआठला आमच्या फाटकासमोर रांग लागते, कारण सगळ्यांच्या फोनला एकाच वेळी तीच वाट सुचते. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला मागे जावं लागतं. अशीच मागे घेताना परवा एकीने आमच्या कुंपणाचे दोन चिरे पाडले. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून उतरून, पावाची टोपली सांभाळत भिंतीला चिकटून उभा राहतो. इंजिन मात्र कोणी बंद करत नाही. महामार्गावरचा तो धूर कमी झालेला नाही, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी आलाय. याचं मला फार वाईट वाटतं.

गूगल मॅप्सच्या सेटिंग्जमध्ये इंधन वाचवणारा मार्ग निवडायची सोय आहे. तिथे आपलं इंजिन पेट्रोलचं, डिझेलचं की विजेचं ते नोंदवा. कमी इंधनाच्या वाटेवर हिरवं पान दिसतं. पण ते पान तुमच्या टाकीपुरतं. रस्ता किती अरुंद, कडेला कुणाचं घर, हे त्यात येत नाही. म्हणून मिनिटांसोबत किलोमीटरही बघा, आणि दोन-चार मिनिटांसाठी आत वळू नका.

तुमचं ऑफिस बसस्टँडपासून चालत जाण्याजोगं असेल तर आठवड्यातून दोन दिवस कदंब या सरकारी बससेवेची म्हापसा–पणजी शटल घेऊन बघा. न थांबता जाते. आणि आमच्या वाटेने आलातच, तर रांगेत उभं असताना इंजिन तेवढं बंद करा.