अडीच महिन्यांच्या बाळासाठी बेबी कॅरिअर घ्यावं का? कोणतं घ्यावं आणि कसं वापरावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की घरकामाला हात मोकळे हवेत, पण सासूबाई म्हणतात 'बाळाचा कणा वाकेल'. माझ्या लेकीच्या वेळी आमच्याकडेही हेच ऐकलं. कॅरिअर जरूर घ्या. फक्त कण्यापेक्षा काळजी श्वासाची करा.

या वयात बाळाने मान धरलेली नसते. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते, आणि डोकं उचलायचं बळ त्याच्यात नसतं. रडायलाही श्वास लागतो, त्यामुळे सगळं गुपचूप होतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१० मध्ये झोळीवजा स्लिंगबद्दल इशारा दिला, तेव्हा आधीच्या २० वर्षांतले निदान १४ मृत्यू त्यांच्यापुढे होते. त्यातली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती.

माझी लेक सात आठवड्यांची असताना मी तिला अशाच स्लिंगमध्ये आडवी घेऊन मेथी निवडत बसले होते. ती गप्प झाली, मला वाटलं झोपली. मग नाकातून बारीक घरघर ऐकू आली. कापड सारून पाहिलं तर हनुवटी छातीत रुतलेली, गळ्याला घडी पडलेली. डोकं वर केलं तशी घरघर थांबली. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते. ती स्लिंग मी पुन्हा वापरली नाही.

म्हणून बाळ उभं, तुमच्या छातीला चिकटून हवं. मान खाली केली की त्याच्या टाळूचा पापा घेता आला पाहिजे. तोंड-नाक सतत दिसलं पाहिजे. ओढणी, पदर काही वर नको. हनुवटीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. कापड सैल असेल तर बाळ आत घसरून मुटकुळं होतं, म्हणून पट्टे घट्ट ओढा. सासूबाईंना सांगा, या वयात पाठ गोलसरच असते. पाठीमागून नीट आधार मिळाला की झालं. कॅरिअरमध्येच पाजलंत तर पाजून झाल्यावर बाळाला परत वर, उभं घ्या.

निवडताना बैठक बघा. आपण मूल कडेवर घेतो तेव्हा पाय कसे फाकतात, गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे वर येतात, तसंच आत बसलं पाहिजे. मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार हवा. पाय सरळ खाली लोंबकळणारं अरुंद कॅरिअर घेऊ नका. बाळ पायाळू असेल किंवा खुब्याबद्दल डॉक्टर काही बोलले असतील, तर आधी त्यांना विचारा. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तरीही. लेबलवरचं किमान वजन वाचा. बऱ्याच कॅरिअरना साडेतीन किलोच्या आसपास लागतं, काहींना तान्ह्यासाठी वेगळी गादी लावावी लागते. तोंड बाहेर करून बसवणं मान पक्की धरेपर्यंत नकोच.

आपल्याकडच्या उकाड्यात कॅरिअर म्हणजे अंगावरचा आणखी एक कपडा. आत एकच सुती झबलं पुरे. मानेमागे हात लावून बघत राहा. घामेजली असेल तर बाहेर काढा.

आणि स्वयंपाक अजिबात नको. फोडणी उडते, चहा सांडतो, आणि बाळ बरोबर त्या उंचीवर असतं. स्कूटरवर तर मुळीच नको, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही. गाडीत कॅरिअर कारसीटचं काम करत नाही. खाली पडलेलं उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यांत बसा.

जुनं कुणाचं मिळालं तर बकल ओढून आणि शिवण उलटी करून तपासा. पहिल्यांदा पलंगाला लागून उभ्या राहून बांधा. सासूबाईंना समोर उभं करा आणि विचारा, बाळाचं नाक दिसतंय का?