शेवटचं गाणं होईपर्यंत

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. क्लबमध्ये बँडचे फोटो काढायचे आणि कार्यक्रमाबद्दल लिहायचंही, त्यात फोटो काढायला लागलं की गाणं कानावरून जातं आणि गाण्यात रमलं की फोटो हातचा जातो, असं तू लिहिलं आहेस. हे वाचून मला तुझ्याबद्दल फार माया वाटली, कारण याच ओढाताणीत माझी कितीतरी वर्षं गेली. पण त्याच पत्राच्या शेवटी तू विचारतोस, ‘सेटलिस्टचा, म्हणजे बँड कुठली गाणी कुठल्या क्रमाने वाजवणार त्या कागदाचा, फोटो काढून ठेवलाय, शेवटची दोन-तीन गाणी चुकली तर चालतील ना?’ नाही चालणार. शेवटपर्यंत थांबायचं.

आधी तू पाठवलेल्या फोटोंचं बोलू. गायिकेचा चेहरा लाल मेणासारखा दिसतोय, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. लाल एलईडीखाली फोटोतल्या लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलपैकी एकटा लाल भरून वाहतो, बाकीचे दोन जवळपास रिकामे राहतात आणि कातडीचा पोत नाहीसा होतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढ, एक्स्पोजर थोडं खाली ठेव आणि पांढरा दिवा चेहऱ्यावर येण्याची वाट बघ. ते आडवे पट्टे इलेक्ट्रॉनिक शटरमुळे आलेत, मेकॅनिकलवर ये. एफ १.८ची पन्नासची लेन्स, आयएसओ ३२००, शटर १/२००, एवढ्यावर माझं बहुतेक काम झालं. फ्लॅश नकोच. आणि माइकच्या थेट समोर उभा राहू नकोस, तोंड झाकलं जातं. किंचित बाजूला सरक. ओळ संपली की गाणारा श्वास घ्यायला माइकपासून मागे होतो, तेव्हा बटण दाब. आता सांग, ओळ कधी संपणार हे कुणाला कळेल? ऐकणाऱ्यालाच ना? तुझी अर्धी ओढाताण तिथेच मिटते.

हललेले फोटो तू तिथल्या तिथे खोडून टाकतोस, ते आधी बंद कर. १९७९ मध्ये न्यूयॉर्कला ‘द क्लॅश’ या ब्रिटिश पंक बँडचा पॉल सिमोनन बेस गिटार जमिनीवर आपटत असताना पेनी स्मिथने टिपलेला फोटो फोकसमध्ये नव्हता. तो ‘लंडन कॉलिंग’ या त्यांच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर घ्यायला ती स्वतःच राजी नव्हती. आज तो रॉकमधल्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी एक आहे. अंधारात, कान सुन्न झालेले असताना कुठला फोटो टाकाऊ हे ठरवू नये. घरी जा, झोप, मग बघ.

आता तुझं कार्यक्रमावरचं लिखाण. ‘गायिकेचा आवाज ऐकूच येत नव्हता’ असं तू लिहिलंस. तू उभा कुठे होतास? स्टेजला चिकटून. तिथे गिटारचे अँप आणि ड्रम थेट अंगावर येतात, पण गाणं येतं मुख्य स्पीकरमधून आणि ते तुझ्या डोक्यावरून मागच्या लोकांकडे जातं. तू जागेचा दोष तिच्या गळ्यावर टाकलास. मागे आवाज जुळवतात त्या साउंड डेस्कपाशी जाऊन दोन गाणी ऐकली असतीस तर हे वाक्य आलं नसतं. मला या वाक्याचा राग आला, खरंच आला.

राग येतो कारण मी याहून वाईट केलं आहे. एका रात्री मजकूर बाराच्या आत द्यायचा होता. मी सेटलिस्टचा कागद टिपून घेतला आणि तीन गाणी उरली असताना निघाले. शेवटच्या गाण्याने सभागृह दणाणून सोडलं, असं लिहिलं, छापून आलं. दोन दिवसांनी ड्रमरचा निरोप आला. ते गाणं त्यांनी वाजवलंच नव्हतं. गिटारची तार तुटली, दुसरी गिटार नव्हती, मग गायक माइक सोडून खाली लोकांत उतरला आणि एक नवं गाणं नुसत्या आवाजावर म्हणाला. ड्रमरने भांडण काढलं नाही. त्याने एवढंच लिहिलं, ‘तुम्ही असायला हवं होतं.’ पुढे तो बँड मोडला. त्या गाण्याचं रेकॉर्डिंग नाही, फोटो नाही, आणि छापील नोंद आहे ती माझी, खोटी.

तेव्हा मी वेळेचं कारण दिलं होतं. आजही वाटतं, कारण खरं होतं. मला काम टिकवायचं होतं, माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण त्यानंतर मी कधी लवकर निघाले नाही. त्यापायी एक नियमित काम गेलं. जाऊ दे. शेवटपर्यंत थांबायचं.

मोठ्या कार्यक्रमांत छायाचित्रकारांना बहुधा पहिली तीनच गाणी मिळतात, मग बाहेर काढतात. छोट्या क्लबमध्ये सहसा तुला कुणी हाकलत नाही. हे केवढं भाग्य आहे, आणि तू आपणहून बाहेर पडायचं म्हणतोस! आणि थांबायचं म्हणजे सुरुवातीलाही हजर राहायचं. पहिला बँड वीस माणसांसमोर वाजवतो. त्यांच्याबद्दल तू चार ओळी लिहिल्या नाहीस तर दुसरं कोण लिहिणार?

मात्र इअरप्लग घाल. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. क्लबमध्ये शंभर सहज होतात. माझ्या डाव्या कानात रात्री शिट्टी वाजत राहते. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगतेय. ऐकायचंच काम आहे आपलं.

शनिवारी तीन बँड आहेत म्हणालास. प्रत्येकाची पहिली काही गाणी पुढे उभं राहून काढ, मग कॅमेरा पिशवीत टाकून मागे जा, शेवटच्या गाण्याला परत पुढे ये. आणि सेटलिस्टचा कागद मला पाठव, जी गाणी वाजलीच नाहीत त्यांच्यावर पेनाने काट मारून.

तुझी,
ताई